कॉफीची यंत्रं, परवडणारी वाइन आणि घरचा सिनेमा: पैसे नेमके कुठे घालावेत?

मंदआच

गेली दोन वर्षं माझा शनिवार ठरलेला आहे. उन्हं उतरली की कॉफी, अंधार पडला की एक ग्लास वाइन, आणि मग सिनेमा. तिन्ही गोष्टींवर मी हौसेने खर्च केला. आज हिशेब मांडला तर लक्षात येतं, की जिथे जास्त पैसे घातले तिथे फरक फार थोडा पडला. आणि ज्याने खरा फरक पडला, ते आधी माझ्या खिजगणतीतही नव्हतं.

कॉफीचंच घ्या. एस्प्रेसो मशीन घेतलं. खोक्यावर '१५ बार' असं ठळक छापलेलं. तयार दळलेली कॉफी आणून घालायची आणि बटण दाबायचं. सहा महिने आंबट, पाणचट कॉफी प्यायले. मशीनच बिघडलेलं असणार असं धरून कंपनीकडे तक्रार केली. माणूस दोनदा येऊन बघून गेला, दोन्ही वेळा 'मशीन ठीक आहे' म्हणाला. मग एक मैत्रीण तिचा हाताने फिरवायचा ग्राइंडर आणि ताज्या बिया घेऊन आली. त्याच मशीनवर, त्याच पाण्यात. आधी चार-पाच सेकंद काहीच आलं नाही, मग गडद तपकिरी थेंब, आणि मग मधासारखी, सुताएवढी बारीक धार. १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम अर्क यायला २७ सेकंद लागले. तो घोट मला अजून आठवतो. आंबटपणा होता, पण फळाचा. कडू होती, पण घशाला न ओरबाडणारी.

बार हे दाबाचं माप, आणि ते १५ बार म्हणजे पंपाची कमाल ताकद, हे नंतर कळलं. एस्प्रेसो उतरते ती साधारण ९ बारला. त्या आकड्यावर मी भुलले होते.

वाइनच्या बाबतीत तापमानाने तेच केलं आणि टीव्हीच्या बाबतीत सेटिंगमधल्या एका खटक्याने. ते पुढे लिहीनच. तुमचा अनुभव काय? कुठली वस्तू घेतल्याचं समाधान आहे, आणि कुठली धूळ खात पडली आहे?

---

पाटावरवंटा

मंदआच, अगदी मनातलं लिहिलंत. मी कोणालाही हेच सांगतो: आधी ग्राइंडर, मग वजनकाटा, आणि उरलेल्या पैशात यंत्र.

कारण समजून घेतलं की पुन्हा चूक होत नाही. पात्यांचा ग्राइंडर बिया दळत नाही, तोडतो. एकाच दळणात पिठासारखी भुकटीही असते आणि अर्धवट फुटलेले खडेही. गरम पाणी पडलं की भुकटीतून सगळं ओढून घेतलं जातं, कडवटपणासकट. खड्यांच्या आतपर्यंत पाणी पोचतच नाही, त्यामुळे ते आंबट आणि कच्चे राहतात. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही लागतं ते यामुळे. बर ग्राइंडरमध्ये दातेरी कडी असतात, त्यांच्यातल्या फटीएवढी झाल्याशिवाय बी खाली पडत नाही. म्हणून दळण बरंचसं एकसारखं येतं.

हाताचा ग्राइंडर घेताना दांड्याला खेळ आहे का ते बघा. हँडल हलवल्यावर आतला आस डुगडुगत असेल तर दळण एकसारखं येणार नाही. फिल्टर कॉफी, मोका पॉट (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर चढवणारं भांडं) वगैरेंसाठी मधल्या दर्जाचा पुरतो. एस्प्रेसोसाठी मात्र फट अगदी केसाएवढी कमीजास्त करता यायला हवी, तिथे स्वस्तातला चालत नाही.

एक बारीकशी गोष्ट. दळण भांड्याच्या भिंतींना चिकटून बसत असेल तर दळण्याआधी बियांवर पाण्याचा एकच थेंब टाका आणि चमच्याच्या दांड्याने हलवा. स्थिर वीज निघून जाते आणि सगळं दळण सुटं खाली पडतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी दोन मिनिटं त्या भांड्याकडे बघतच राहिलो होतो.

आणि वजनकाटा का? जास्त भाजलेली बी फुगते आणि हलकी होते. म्हणजे चमचा तोच, पण आत कॉफी कमी. चमच्याने मोजणारा माणूस बिया बदलल्या की गोंधळतो. मी १५ ग्रॅमला २४० ग्रॅम पाणी घेतो, इथून सुरुवात करून मग आपापल्या जिभेप्रमाणे हलवायचं.

---

साखरनको

माझं मत थोडं वेगळं आहे. दळण महत्त्वाचं आहे हे मान्य, पण सगळ्यांनीच त्यात एवढं खोल जायची गरज नाही. माझ्याकडे वीस वर्षं जुना अ‍ॅल्युमिनियमचा मोका पॉट आहे. इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली तो बाजारात आणला, आणि आजही त्याचा आठ बाजूंचा घाट तोच आहे. त्यात बदललं काय तर रबरी रिंग. माझी आजवर चारदा बदलून झाली.

लोक मोका पॉटला नावं ठेवतात की कॉफी करपट लागते. करपते ती हातघाईमुळे. माझी रीत अशी: खालच्या भांड्यात उकळतं पाणीच घालायचं, सुरक्षा झडपेच्या खालपर्यंत. गार पाणी घातलं तर ते तापेपर्यंत वरची कॉफी कोरडीच भाजत बसते. जाळीत दळण भरून बोटाने सपाट करायचं, दाबायचं नाही. फडक्याने धरून घट्ट फिरवायचं, खालचं भांडं पोळतं. आच मंद. झाकण उघडं ठेवून बघत उभं राहायचं. आधी गडद धार येते, मग ती फिकट पिवळी होऊ लागते, आणि मग फुरफुर आवाज येतो. तो आवाज यायच्या आत पॉट उतरवून बुडाला नळाखाली धरायचं. फुरफुर ऐकत बसलात की कडूपणा आलाच.

दाब एक-दोन बारच असतो, त्यामुळे ही एस्प्रेसो नाही. पण घट्ट, गरम दुधाला पुरून उरणारी कॉफी होते. वीज नको, कागद नको.

आणि हाताने दळायचं म्हणाल, तर माझं मनगट आता ते मानत नाही. आमच्यासारख्यांनी विजेवरचा बर ग्राइंडर घ्यावा किंवा एका आठवड्यापुरतंच दळून आणावं. त्यात काही कमीपणा नाही.

---

कोरीपाटी

छान माहिती मिळते आहे. मी एकटा राहतो, म्हणून दोन प्रश्न. एका माणसाच्या एका कपासाठी कमीत कमी धुवाधुवीचं काय घ्यावं? आणि वाइनची ७५० मिलीची बाटली उघडली की माझ्याच्याने ती संपत नाही. दुसऱ्या दिवशी चव उतरलेली असते, तिसऱ्या दिवशी ओतून द्यावी लागते. यावर उपाय आहे का? बाटलीतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप घेऊ का?

---

पाटावरवंटा

साखरनको ताई, मनगटाचं लक्षात आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे, हाताच्या ग्राइंडरचा आग्रह सगळ्यांना धरता येणार नाही. एस्प्रेसोएवढं बारीक दळायला तर चांगलाच जोर लागतो.

कोरीपाटी, तुमच्यासाठी एरोप्रेस. डोळे झाकून. अ‍ॅलन अ‍ॅडलर नावाच्या अमेरिकन संशोधकाने २००५ साली तो आणला. त्याआधी त्याची ओळख होती ती 'एरोबी' या लांब उडणाऱ्या फेकायच्या रिंगमुळे. दिसायला मोठ्या सिरिंजसारखा, प्लास्टिकचा. १५ ग्रॅम मध्यम-बारीक दळण, २०० ग्रॅम पाणी, दीड मिनिट थांबा, मग अर्ध्या मिनिटात सावकाश दाबा. नंतर झाकण काढून दांडा ढकलला की चोथ्याची चकती टपकन कचऱ्यात पडते. धुणं म्हणजे नळाखाली एकदा धरणं.

फ्रेंच प्रेसही (जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं) सोपा आहे, चार मिनिटं मुरवायची की झालं. पण जाळीला चिकटलेला चोथा काढताना रोज जीव मेटाकुटीला येतो. शिवाय कागदातून न गाळलेल्या कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक राहतो आणि तो कोलेस्टेरॉल वाढवतो. ज्यांना तो त्रास आहे त्यांनी कागदाची गाळणीच वापरावी. या कागदाच्या गाळणीचं श्रेय मेलिटा बेंट्झ या जर्मन गृहिणीचं. १९०८ साली तिने मुलाच्या वहीतला टिपकागद छिद्रं पाडलेल्या पितळी भांड्यात ठेवला आणि कॉफी गाळून पाहिली. मला कॉफीच्या सगळ्या शोधांत हा सगळ्यांत जास्त आवडतो. घरात होतं त्यातून काम झालं.

---

द्राक्षवेल

कोरीपाटी, वाइनचं मी सांगतो. पंप घेऊ नका. माझ्याकडे आहे, त्याने फार तर एखादा दिवस वाढतो. खरा शत्रू हवा. म्हणून हवेला जागाच ठेवायची नाही. एक ३७५ मिलीची, घट्ट फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन वाळवून ठेवा. मोठी बाटली उघडल्या उघडल्या, पहिला घोट घ्यायच्याही आधी, ती छोटी बाटली नरसाळ्याने गळ्यापर्यंत काठोकाठ भरा, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये आडवी न टाकता उभी ठेवा. लाल असली तरी फ्रिजमध्येच. चार-पाच दिवसांनी उघडलीत तरी जवळपास ताजी लागते. नेहमीची चूक अशी होते, की अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली भरतात. तोवर तिला हवा लागलेली असते. आणखी एक फायदा असा, की 'उरली आहे तर संपवून टाकू' हा मोह राहत नाही.

आता परवडणाऱ्या वाइनबद्दल. माझा एकच ठोकताळा आहे: प्रसिद्ध नावाचा शेजारी शोधायचा. किमतीत द्राक्ष असतं, मेहनत असते, आणि बराच मोठा वाटा नावाचा असतो.

शॅम्पेन परवडत नाही? स्पेनची काव्हा घ्या. दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया त्याच बाटलीत होते, पद्धत शॅम्पेनचीच. द्राक्षं वेगळी: माकाबेओ, शारेल्लो, पारेलादा. फ्रान्समध्येच शॅम्पेन प्रांताच्या बाहेर बनते तिला क्रेमाँ म्हणतात, तीही उत्तम. इटलीच्या प्रोसेक्कोची पद्धत वेगळी, तिथे फेस मोठ्या टाकीत तयार होतो, म्हणून ती हलकी, फळांच्या वासाची लागते. ती कमी प्रतीची असं मी म्हणणार नाही, फक्त शॅम्पेनची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

लाल हवी आणि मऊ हवी तर चिलीची कारमेनेर. हिची गोष्टच मोठी आहे. मूळ फ्रान्समधल्या बोर्दोचं हे द्राक्ष. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने वेली गेल्या, त्यानंतर तिथे ते फारसं पुन्हा लावलंच नाही. चिलीत मात्र मर्लो या दुसऱ्या द्राक्षाच्या मळ्यांत ते मर्लो म्हणूनच वाढत राहिलं. १९९४ साली जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच तज्ज्ञाने मळ्यात उभं राहून ओळखलं, की ही मर्लो नव्हे. हिरव्या मिरचीचा पुसटसा वास आला की समजायचं.

पांढरी हवी तर दक्षिण आफ्रिकेची शेनँ ब्लाँ. स्पेनची लाल रिओहा 'क्रियान्सा' घेतली तर किमान दोन वर्षं मुरवलेली वाइन मिळते, त्यातलं एक वर्ष तरी ओकच्या पिंपात. एवढं थांबून ते विकतात, आणि तरी ती आवाक्यात असते.

फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. बुचातून येणारा एक दोष असतो, टीसीए म्हणतात. वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराचा वास येतो. फिरकीच्या झाकणात ती भीती जवळपास नाहीच. रोजच्या वाइनला मला तेच जास्त पसंत आहे.

---

मंदआच

द्राक्षवेल, छोट्या बाटलीची युक्ती आजच करणार.

तापमानाचं लिहायचं राहिलं होतं. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हे वाचून मी ती कपाटातून काढून थेट ओतायचे. ती म्हण ज्या काळातली, तेव्हाच्या दगडी, गार घरांत खोलीचं तापमान १६-१८ अंश असायचं. माझ्या खोलीत २७ होतं. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल पुढे येतं, नाकाला झोंबतं आणि फळाची चव मागे पडते. आता लाल बाटली प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये जाते. पांढरीचं उलट. ती फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवते, कारण फार गार असली की वासच येत नाही. या एका सवयीने माझी नेहमीची वाइन एक पायरी वर गेली.

---

शेवटचीरांग

तिसऱ्या विषयाकडे कोणी वळलंच नाही, म्हणून मी येतो.

मंदआच, तुमचा तो टीव्हीमधला खटका म्हणजे मोशन स्मूदिंगच असणार. बोलपट आले तेव्हापासून सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) दाखवला जातो. आपल्या डोळ्याला सिनेमा 'सिनेमासारखा' वाटतो त्याचं मोठं कारण तेच. नवा टीव्ही मात्र दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेल्या चौकटी घुसवतो. खेळाचे सामने बघायला ते बरं असेल, पण सिनेमात माणसं घसरत चालल्यासारखी दिसतात आणि भव्य सेटसुद्धा मालिकेच्या दिवाणखान्यासारखा दिसतो. २०१८ साली टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वॉरीला सोबत घेऊन, हे बंद करा असं सांगणारी चित्रफीत काढली होती. प्रत्येक कंपनी याला वेगळं नाव देते, त्यामुळे सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द असलेलं सगळं उघडून बघा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो एकच निवडला की बाकीचं आपोआप जुळतं. चित्र आधी थोडं पिवळट आणि मंद वाटेल. दोन दिवस कळ काढा. नंतर जुनं सेटिंग लावून बघितलंत तर ते निळं, भडक दिसेल.

पण माझं खरं म्हणणं आवाजाबद्दल आहे. लोक पडदा मोठा घेतात आणि आवाज टीव्हीच्या पाठीमागच्या चपट्या स्पीकरवर सोडतात. मग संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आणि गाडी फुटली की दचकून कमी करायचा. साधा, वेगळा मधला स्पीकर असलेला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर) घ्या. संवाद बहुतेक मधल्या वाहिनीतूनच येतात. माझ्या आईला कमी ऐकू येतं. साउंडबार आल्यानंतर पहिल्याच संध्याकाळी तिने 'काय म्हणाला तो?' हे विचारणं थांबवलं. माझ्यासाठी तो खर्च त्या एका गोष्टीतच वसूल झाला.

दिवे बंद, टीव्हीच्या मागे भिंतीवर पडणारा एक मंद दिवा. डोळे शिणत नाहीत आणि काळा रंग जास्त काळा दिसतो.

हे सगळं केल्यावर सिडनी ल्युमेट यांचा '१२ अँग्री मेन' पुन्हा बघा. १९५७ चा, ९६ मिनिटांचा, जवळजवळ सगळा एका खोलीत. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर आहे, मग पातळीवर येतो, शेवटच्या भागात खाली जातो. बरोबरीने भिंगंही लांब पल्ल्याची होत जातात, त्यामुळे मागच्या भिंती पुढे सरकल्यासारख्या वाटतात आणि शेवटी शेवटी छत दिसू लागतं. मी हा सिनेमा तीनदा बघितला होता आणि खोली लहान होत गेल्याचा त्रास तिन्ही वेळा जाणवला होता. कशामुळे, ते मात्र चौथ्यांदा, दिवे बंद करून बघितल्यावर दिसलं.

---

कोरीपाटी

एरोप्रेस मागवला. वाइनवरचा एखादा चांगला सिनेमा सुचवाल का? छोट्या बाटलीच्या उद्घाटनाला बघेन म्हणतो.

---

द्राक्षवेल

'साइडवेज', २००४ चा. त्यातला नायक माइल्स मर्लोचा तिरस्कार करतो. सिनेमा गाजल्यावर अमेरिकेत मर्लोची पत घसरली आणि पिनो न्वार या द्राक्षाची वाढली. पुढचं वाक्य सिनेमा बघितला नसेल तर सोडून द्या: तो जिवापाड जपून ठेवतो ती बाटली बोर्दोची १९६१ ची शेव्हाल ब्लाँ, आणि तिच्यात मर्लो असतेच. मला हा सिनेमा वाइनपेक्षा एकटेपणाचा वाटतो. ती बाटली तो शेवटी ज्या तऱ्हेने पितो, ते बघताना माझा हातातला ग्लास तसाच राहिला होता.

बाटलीवरचं नाव झाकलं तर जीभ काय सांगते, याचा सगळ्यांत मोठा दाखला २४ मे १९७६ चा. वाइनचे ब्रिटिश व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. लाल आणि पांढऱ्या, दोन्हींत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाला गेला. परीक्षक आपापल्या विषयातले जाणते होते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ही गोष्ट सांगताना लोक त्यांची टिंगल करतात. त्यांनी प्रामाणिकपणे चव घेतली आणि गुण दिले, म्हणून तर निकाल तसा लागला.

---

साखरनको

ग्लासांचं कोणी बोललं नाही. माझ्याकडे एकाच प्रकारचे चार आहेत, वर थोडे निमुळते, पातळ काठाचे. लाल, पांढरी, फेसाळ सगळं त्यातच. एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे वास साठायला जागा राहते. द्राक्षागणिक वेगळा ग्लास मला तरी पटलेला नाही. द्राक्षवेल, तुमचं मत वेगळं असेल तर वाचायला आवडेल.

---

द्राक्षवेल

नाही, मीही तसेच वापरतो. फक्त साबणाचा वास राहू देऊ नका. गरम पाण्याने दोनदा विसळायचे.

---

मंदआच

शनिवारचा वृत्तान्त देते.

कॉफी मोका पॉटमध्ये केली, साखरनको ताईंच्या रीतीने, आधीच उकळलेलं पाणी घालून. धार पिवळी पडताच नळाखाली धरली. माझ्या मशीनच्या एस्प्रेसोपेक्षा वेगळी, पण दुधात मला ही जास्त आवडली. मशीन काढून टाकणार नाही, पण रोज ते सुरू करणंही होणार नाही.

संध्याकाळी भाऊ आला होता. एकच कारमेनेर, बाटली दुपारपासून बाहेर. उघडल्या उघडल्या अर्धी छोट्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली, मोठीतली बाहेरच राहू दिली. चाळीस मिनिटांनी दोन सारखे ग्लास त्याच्यासमोर ठेवले, काही न सांगता. गार ग्लासाच्या बाहेर बारीक दव धरत होतं ते मी टिपून घेतलं, नाहीतर त्याला सुगावा लागला असता. त्याने दोन्ही सावकाश प्यायले. डावीकडचा सरकवून म्हणाला, "ही औषधासारखी लागते." उजवीकडचा हातात ठेवून विचारलं, "ही कुठली? हिचं नाव लिहून दे."

मी दोन्ही बाटल्या टेबलावर आणून ठेवल्या. त्याने लेबल वाचलं, छोटीचं झाकण काढून वास घेतला, मग मोठीचा, मग पुन्हा छोटीचा. आता तो वजनकाट्याबद्दल विचारतो आहे. पाटावरवंटा, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा घ्यावा, की साधा १ ग्रॅमचा चालेल?